खोकताना निसटते, अंग खाली येतं: बायका दाराशी थांबून विचारतात ते प्रश्न

मी धुळ्यात फिजिओथेरपी करते. साक्री, शिरपूर, अमळनेर, शहाद्याकडच्या बायका गुडघा नाहीतर कंबर दाखवायला येतात. सगळं दाखवून झालं की उठतात, दारापर्यंत जातात आणि तिथून वळून म्हणतात, "ताई, अजून एक होतं." खालचे बहुतेक प्रश्न असे दाराशी विचारलेले आहेत. उत्तरांत अभ्यासांचे आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण लघवी निसटणं, अंग खाली उतरणं या विषयात "माझ्या जावेला अमक्याने गुण आला" एवढ्यावरच ऑपरेशनं ठरतात.

ठसका उना का लुगडं वल्लं व्हई जास. हा आजार आहे की वय झालं?

आजार म्हणा, दुखणं म्हणा, पण वयावर ढकलू नका. वयाबरोबर हे वाढतं, हे खरं आहे. पण पहिल्या बाळंतपणानंतरच्या पंचविशीतल्या मुलीही याच तक्रारीने येतात आणि सत्तरीतल्या आजी व्यायामाने सुधारतात. "बाईच्या जातीला हे असायचंच" हे वाक्य मी सासूकडूनही ऐकलंय आणि एका डॉक्टरांकडूनही. दोघांचंही चूक आहे.

ओटीपोटाचा तळ म्हणजे नेमकं काय?

बाज डोळ्यांसमोर आणा. पुढे जांघेचं हाड, मागे माकडहाड, आणि मध्ये विणलेल्या सुंभासारखे ताणलेले स्नायू. त्यावर लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात. या विणकामातून तीन वाटा बाहेर जातात: लघवीची, योनीची आणि शौचाची. सुंभ घट्ट असला की वाटा बंद राहतात आणि वरचं वजन जागेवर राहतं. तो ढिला पडला की बाज खोलगट होते. मग कुणाची लघवी निसटते, कुणाचं अंग खाली उतरतं, कुणाला वारा आवरत नाही. तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी तळ एकच आहे, म्हणून एका बाईत दोन-तीन तक्रारी एकत्रही असतात. डॉक्टर या सगळ्याला मिळून पेल्विक फ्लोअरचे विकार म्हणतात.

रिपोर्टवर 'स्ट्रेस' लिहिलंय. मला तर कसलंच टेन्शन नाही.

पारोळ्याकडच्या एका बाईचे मालक यावरून चिडले होते: "घरात कुणी बोलत नाही, मग हिला स्ट्रेस कसला?" इथे स्ट्रेसचा मनाशी संबंध नाही. खोकणं, शिंकणं, हसणं, हंडा उचलणं यांनी पोटात दाब वाढतो, त्या दाबाला इथे स्ट्रेस म्हणतात. दाब आला आणि वाट बंद राहिली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग माझा प्रकार कोणता?

खोकला, शिंक, ओझं, फुगडी यांबरोबर थोडी निसटत असेल तर ती दाबाची. अचानक जोराची लागते, कडी काढेपर्यंत होऊन जाते, नळाचा आवाज ऐकला तरी लागते, ही घाईची. दोन्ही असतील तर मिश्र, आणि हे बरंच आढळतं. पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही आणि थेंब थेंब गळत राहते, हा चौथा प्रकार. जुना मधुमेह असलेल्यांनी त्याकडे लक्ष ठेवावं.

प्रकार ओळखायला सर्वात स्वस्त साधन म्हणजे वही. तीन दिवस लिहा: किती वाजता गेले, मापाच्या भांड्यात किती आली, केव्हा निसटली, काय प्यायले. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. ही वही घेऊन येणाऱ्या बाईचं निदान निम्मं घरीच झालेलं असतं.

हे माझ्या एकटीलाच आहे का?

नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची किंवा लैंगिक आजाराची एक ना एक तक्रार निघाली, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासात सगळेच स्त्रीरोग होते, नुसती लघवी नव्हे. पण "कुणी बोलत नाही म्हणजे कुणाला नाही" हा समज तिथे मोडला. अमेरिकेत २००८ मध्ये १,९६१ बायकांच्या पाहणीत साधारण चौघींत एकीला तळाचा कोणता ना कोणता विकार होता. तिथे ना कापसाची ओटी आहे, ना डोक्यावर दोन हंडे. तरी ही गत.

व्यायाम कसा करायचा? पुस्तिकेत बघून करते, फरक नाही.

बहुधा उलटा करत असाल. राग मानू नका, हे सिद्ध झालेलं आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावला आणि लगेच मोजलं. जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका तर अशा पद्धतीने जोर लावत होत्या की त्याने तक्रार वाढावी. म्हणून हे पान वाचून थांबू नका, एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या.

तरी सांगते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत बसलोय आणि वारा सरू पाहतोय, तो आपण दाबून धरतो, तसं करा. मग तोच आवळ पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणा आणि आत-वर ओढा. ढुंगण उचललं गेलं, मांड्या जुळल्या, पोट टम्म फुगलं किंवा श्वास अडकला तर चुकलं. तोंडाने आकडे मोजत केलं की श्वास अडकत नाही. पाच मोजेपर्यंत धरा, तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे, आणि घाईत तोच राहून जातो. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की दहा मोजेपर्यंत न्या, आणि शेवटी पाच-सहा झटपट आवळ घ्या. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून, मग पिठाचा डबा उचलताना.

लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका. आवळ कळतोय का हे बघायला एकदा केलं तर केलं, सवय लावली तर पिशवी नीट रिकामी होत नाही.

डॉ. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला 'केगल' म्हणतात. त्यांनी नुसतं "आवळा" म्हटलं नव्हतं. आवळ किती बसतोय हे त्या बाईला काट्यावर दिसावं म्हणून एक दाबमापक यंत्रही बनवलं होतं. पुढे जगभर व्यायाम पोचला आणि तपासणं मागे राहिलं. हल्लीची महागडी यंत्रं मात्र घ्यायलाच हवीत असं नाही. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत, शिकवणारी व्यक्ती चांगली असेल तर वर यंत्र जोडून जास्तीचा फायदा दिसला नाही.

एक अपवाद. संबंधांच्या वेळी फार दुखत असेल किंवा लघवी सुरूच व्हायला वेळ लागत असेल तर तुमचे स्नायू आखडलेले असू शकतात. अशांनी आवळायचं नाही, आधी सैल सोडायला शिकायचं.

याने खरंच बरं होतं?

जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या आणि १,८१७ बायका एकत्र मोजल्या आहेत. खोकताना निसटणाऱ्यांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के बायकांनी "बरं झालं" असं सांगितलं. व्यायाम न करणाऱ्यांत तसं म्हणणाऱ्या होत्या ६ टक्के. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली तीन महिने द्यायला हवेत. पंधरा दिवसांत सोडून "गुण नाही" म्हणणाऱ्यांची संख्या माझ्याकडे भरपूर आहे. कांद्याचं रोप लावून पंधराव्या दिवशी उपटून बघण्यासारखं ते आहे.

तीन महिने कोण थांबणार? लग्नाची दाट तिथी आहे, आजच काही उपाय?

आहे. खोकला येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. शिंकेआधी, हसण्याआधी, हंडा उचलण्याआधी तसंच. १९९८ मध्ये सरासरी ६८ वर्षं वयाच्या २७ बायकांना हे एक आठवडा शिकवलं. मध्यम खोकल्याला होणारी गळती ९८ टक्क्यांनी कमी झाली, जोराच्या खोकल्याला ७३ टक्क्यांनी. औषध नाही, पैसा नाही. या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी आवळा, मग खोका. कानबाईच्या मिरवणुकीत नाचतानाही चालतं, फक्त ताल चुकतो.

एसटीने यायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाही. चालेल ना?

नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात शेतात पाणी न पिता राहिलात तर लघवी दाट होते, जळजळते, पिशवीला टोचते आणि घाई वाढते. शिवाय मुतखडा आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, झोपायच्या आधीचे दोन तास कमी करा. बसस्थानकावरची मुतारी ही बाईच्या आजाराची एक खरी बाजू आहे, पण ती व्यायामाने सुटणारी नाही.

चहा, मिरची सोडावी लागेल?

चहाचे सहा कप असतील तर दोनावर या, घाईच्या प्रकाराला काहींना फरक पडतो. मिरचीविरुद्ध ठाम पुरावा नाही, आणि खान्देशातल्या बाईला शेवभाजी सोडा असं सांगायची माझी छातीही नाही. दोन आठवडे कमी करून स्वतःच बघा.

घाईच्या लघवीला गोळी मिळते म्हणे?

मिळते. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन या जुन्या, मिराबेग्रॉन नवी. जुन्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर परिणामाची शंका असल्याने डॉक्टर जपून देतात. मिराबेग्रॉनला रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. खोकल्याच्या प्रकाराला या गोळ्यांचा उपयोग नाही, तरी त्यावरही लिहून दिलेल्या मी पाहिल्यात.

गोळीआधी पिशवीला शिस्त लावून बघा. दर तासाला जाता ना? मग सव्वा तास धरा. कळ आली की पळू नका. जागेवर थांबा, पाच-सहा झटपट आवळ घ्या, कळ ओसरू द्या, मग चालत जा. आठवड्याने आणखी पंधरा मिनिटं वाढवा. १९९८ मध्येच 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत या शिकवणीने गळतीचे प्रसंग ८१ टक्क्यांनी कमी झाले, ऑक्सिब्युटिनिनने ६९ टक्क्यांनी, आणि खोट्या गोळीने ३९ टक्क्यांनी. नुसत्या साखरेच्या गोळीने इतका फरक पडतो, म्हणून "अमक्या काढ्याने गुण आला" ऐकलं की मी हा आकडा आठवते.

सिझर केलं तर हे टळतं का? सुनेसाठी विचारते.

थोडं कमी होतं, टळत नाही. नॉर्वेत १५,३०७ बायकांच्या अभ्यासात मूल न झालेल्यांपैकी १०.१ टक्के, सिझर झालेल्यांपैकी १५.९ टक्के आणि खालून बाळंत झालेल्यांपैकी २१ टक्के बायकांची लघवी निसटत होती. म्हणजे नऊ महिन्यांचं ओझंही तळाला पुरेसं असतं. केवळ यासाठी सिझर मागू नका. चिमटा लावून झालेलं बाळंतपण तळाला सर्वात जड जातं. तसं झालं असेल तर सुनेची तपासणी लवकर करून घ्या.

सव्वा महिन्यानंतर शेतात गेलं तर चालतं ना?

गेलं तरी हंडा, पाटी आणि गाठोडं नको. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि शेक मिळतो, आणि सव्वा महिना सरला की लगेच पूर्ण काम. तळ तेव्हा सावरलेला नसतो. हलके आवळ बाळंतपणानंतर काही दिवसांतच सुरू करता येतात, टाके असले तरी, दुखत नसेल तेवढेच. चुलीच्या धुराचा खोकला, मिसरी-तंबाखूचा खोकला आणि शौचाला कुंथणं, ही तिन्ही तळाला रोज धक्का देतात.

मनं आंग बाहेर येस. बसलं की गोळा हाताला लागतो.

याला मायांग बाहेर येणं म्हणतात. गर्भपिशवी, लघवीची पिशवी किंवा मागची भिंत खाली उतरते. संध्याकाळी जड वाटतं, आडवं झालं की बरं वाटतं. पहिली गोष्ट, हा कॅन्सर नाही. दुसरी, प्रत्येक उतरलेल्या अंगाला ऑपरेशन लागत नाही. ४४७ बायकांच्या २०१४ च्या चाचणीत शिकवलेल्या व्यायामाने सुरुवातीच्या आणि मध्यम टप्प्यातला त्रास कमी झाला. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामाने आत जात नाही, ही अपेक्षा ठेवू नका.

दुसरा पर्याय रिंग. सिलिकॉनची कडी योनीत बसवतात, ती वरचं तोलून धरते. माप बरोबर असेल तर ती आहे हे जाणवतही नाही. पण रिंग विसरायची नाही. ठरलेल्या वेळी काढून धुवायची आणि आत जखम नाही ना हे दाखवायचं. वर्षानुवर्षं विसरलेली रिंग आत रुतते. घरात एकीला तरी सांगून ठेवा की रिंग आहे.

डॉक्टर म्हणतात पिशवीच काढून टाकू, कटकट मिटेल. काढू का?

लघवी निसटते एवढ्या कारणाने गर्भपिशवी काढायची नाही. याचं पाप-पुण्य बाजूला ठेवा, आकडा बघा. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या सुमारे १ लाख ६५ हजार बायकांची, न काढलेल्या ४ लाख ७९ हजार बायकांशी तुलना केली. अभ्यास २००७ चा. पिशवी काढलेल्यांना पुढे लघवी निसटण्याचं ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त, २.४ पट निघाली. पिशवीला धरून ठेवणारे बंध तळालाही धरतात. पिशवी काढताना ते कापले जातात.

अंग खाली उतरलेलं असेल तरी नुसती पिशवी काढून प्रश्न सुटत नाही. वरचा टोकाचा आधार शिवून घेतला नाही तर काही वर्षांनी योनीचा घुमटच खाली येतो. मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी पिशवी ठेवून ती वर टांगायची ऑपरेशनं आहेत, आणि त्यांत आपल्या माणसांचं नाव आहे: मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांची स्लिंग आणि डॉ. पुरंदरे यांची पद्धत जगभरच्या पुस्तकांत शिकवतात. गोव्यात जन्मलेल्या शिरोडकरांना पद्मविभूषण मिळालं. त्यांची पद्धत असलेल्या राज्यात पस्तिशीतल्या बाईला "काढून टाकू" एवढाच पर्याय सांगितला जातो, याचा मला राग येतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, राज्याने चौकशी समितीही नेमली. नंदुरबारच्या डोंगरातूनही दरवर्षी जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. हंगाम बुडू नये म्हणून कुणी "काढून टाका" म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तीन प्रश्न विचारा: का काढायची, न काढता काय करता येईल, आणि अंडाशय ठेवणार की काढणार? फाइबरॉइड म्हणजे पिशवीतल्या गाठी, फार रक्तस्राव, कॅन्सर यांना पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. तो वेगळा विषय.

जाळी बसवू म्हणतात. भीती वाटते.

दोन जाळ्या वेगळ्या आहेत. लघवीच्या नळीखाली बसवायची अरुंद पट्टी स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडली. खोकल्याच्या प्रकाराला ती परिणामकारक आहे. उतरलेल्या अंगाला योनीतून बसवायची मोठी जाळी मात्र दुखणं, जखम, जाळी बाहेर येणं यांमुळे बदनाम झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिची विक्री थांबवली. इंग्लंडने २०१८ मध्ये पट्टीलाही लगाम घातला. म्हणून विचारा: कोणती जाळी, कुठे, आणि माझ्याच अंगातल्या पडद्याची पट्टी करून चालेल का? ते ऑपरेशनही आहे.

बाळंतपणानंतर लघवी चोवीस तास गळते. वास येतो म्हणून वेगळं झोपवतात.

हे सैलपणाचं नाही. लांबलेल्या बाळंतपणात बाळाच्या डोक्याने दाबून लघवीची पिशवी आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं. याला फिस्टुला म्हणतात, आणि तो शिवून बंद होतो. ताबडतोब सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्या. लवकर गेलं आणि भोक लहान असलं तर कधीकधी लघवीसाठी नुसती नळी ठेवूनही ते भरून येतं.

या ऑपरेशनचा इतिहास कडू आहे. अमेरिकेत मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टराने १८४५ ते १८४९ मध्ये गुलाम बायकांवर, भूल न देता, ते शिकून घेतलं. त्यांतल्या तिघींची नावं उरली आहेत: अनार्का, लुसी, बेट्सी. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास वेळा शस्त्रक्रिया झाली. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवला.

पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर फायदा?

पोटात घ्यायच्या गोळ्यांनी उलट होतं. अमेरिकेतल्या २७,३४७ बायकांच्या मोठ्या चाचणीत वर्षभरात लघवी निसटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. योनीत लावायचं मलम वेगळं. कोरडेपणा आणि घाई असेल तर डॉक्टर ते देतात.

वजन?

जास्त असेल तर कमी करा. ३३८ जाड बायकांच्या चाचणीत सहा महिन्यांत ८ टक्के वजन घटवणाऱ्यांचे गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. माझ्याकडच्या बऱ्याच बायका मात्र काटक्या असतात. त्यांचं वजन डोक्यावर असतं.

शौचही आवरत नाही. हे कसं सांगू?

मला सांगितलंत तसंच. बाळंतपणात मागपर्यंत फाटलं असेल तर त्याचा उपचार आहे, वर्षं उलटली तरी.

गावात संशोधनासाठी नावं घेत आहेत. द्यावं का?

अनार्काला कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारावंच लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माहिती तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. अहिराणीत सांगा म्हणा, पावरीत सांगा म्हणा. वाचता येत नसेल तर अंगठा देताना त्या संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. "नाही" म्हटलं किंवा मध्येच बाहेर पडलं तरी तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधांच्या चाचण्या २००९ पासून देशाच्या नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक विचारा, देत नसतील तर नाव देऊ नका. कागद नीट असेल तर मात्र जरूर द्या. वरच्या आकड्यांत नॉर्वे, स्वीडन, अमेरिका किती वेळा आली बघा. चोपडा, धडगाव एकदाही आलं नाही.

डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाही.

चिठ्ठी लिहा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे स्त्रीरोग विभागात जा. लेडी डॉक्टर हवी असं सांगायला लाजू नका. चिठ्ठीत एवढं असू द्या: किती वर्षांपासून, कशाने निसटते, किती बाळंतपणं, टाके पडले होते का, चिमटा लावला होता का, साखर-बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. लघवीत रक्त असेल, ताप असेल किंवा लघवी पूर्ण तुंबली असेल तर ते सर्वात वर लिहा. तीन दिवसांची वही सोबत ठेवा, आणि चिठ्ठी केसपेपरला टाचणीने लावून द्या, म्हणजे ती आधी वाचली जाते.